गुलाबी काचमासे

आमच्या दुकानात काचमाशांची टाकी गल्ल्याला अगदी लागून होती, तरी नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ही रिकामी का ठेवलीय?" मग मी पाठीमागून टॉर्च धरायची. उजेड पडला की त्या रिकाम्या पाण्यात एकदम पुष्कळ बारीक कंगवे उभे राहायचे. कंगवा म्हणजे माशाचा कणा. त्याच्या पुढच्या टोकाला दोन काळे डोळे, खाली चांदीच्या कागदात बांधल्यासारखी पोटाची पुरचुंडी, आणि कल्ल्यांच्या मागे लुकलुकणारा एक लाल ठिपका. ते काळीज. बाकी मासा म्हणून काही नाहीच. पलीकडची पाणवनस्पती त्याच्या अंगातून पानापानासकट दिसायची. कधी तिरपा उजेड आला तर अंगावरून सप्तरंगी झाक सरकायची आणि पुन्हा काही नाही.

माझी लेक मुंगी, चौथं लागलेलं, टाकीला नाक चिकटवून म्हणाली होती, "आई, हा कपडे घालायला विसरला."

"कपडे कसले, मेला अंगच घरी विसरून आलाय," असं वन्सं म्हणाल्या होत्या आणि मुंगी हसून हसून फरशीवर बसली होती.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. दुकान त्यांचं. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ, त्याला त्यांनीच वाढवलं. तो बोटीवर नोकरीला आहे, वर्षातला बराच काळ पाण्यावर. म्हणजे भाऊ समुद्रात आणि बहीण टाक्यांत, तुमच्या घरात कोरडं कोणी नाहीच का, असं मी चिडवायची त्यांना. वरच्या मजल्यावर मी आणि मुंगी राहतो, खाली दुकान, त्याच्या मागे वन्संची खोली.

लग्नाआधीपासून मी नर्स होते. चौकापलीकडच्या मुलांच्या दवाखान्यात लस टोचायचं काम माझ्याकडे. मुंगी झाल्यावर तिला कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न काही सुटेना, तेव्हा वन्संनीच तो सोडवला. "दुकानात ये. पोर काउंटरखाली झोपेल, रडली तर मासे काही तक्रार करत नाहीत." तेव्हापासून मी दुकानात. पोरीला मांडीवर घेऊन काम करता येईल, भूक लागली की उठून वर जाता येईल, असं ठिकाण पुन्हा मिळत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी दुकानात जीव ओतून राबत होते.

खपायचे मात्र ते कोरे काचमासे नव्हेत. शेजारच्या टाकीतले रंगीत खपायचे. मासा तोच, तसाच आरपार, पण पाठीवर गुलाबी नाहीतर हिरवी पट्टी, जणू कुणी स्केचपेनने ओढलेली. मुलं दारातूनच ओरडायची. जन्मतःच असे असतात का, असं आईबाप विचारायचे आणि मी बिनदिक्कत हो म्हणायची, कारण वन्संनी मला तसंच सांगितलं होतं. क्वचित कुणी रंग उडाल्याची तक्रार घेऊन यायचं. वन्सं चष्मा पुसत विचारायच्या, खाद्य बदललंत ना, आणि नव्या खाद्याचं पाकीट त्याच्या हातात द्यायच्या. माणूस आभार मानून जायचा.

दुकानाच्या मागे एक लहान खोली होती. तिला आम्ही आजारी खोली म्हणायचो. नवा माल आला की आधी तिथे वेगळा राहायचा. ओल्या हातांनी रोग एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातो, म्हणून तिथे वन्संशिवाय कुणी जायचं नाही हा नियम. मी दवाखान्यातली, मला तो ऐकून वन्संचं कौतुकच वाटलं होतं.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्या खोलीतून बादलीत मेलेले मासे जास्त निघू लागले होते. काचमासा मेला की पांढरा होतो. जिवंत असेपर्यंतच त्याच्यातून उजेड जातो. जीव गेला की अंग दुधासारखं दाटतं, उकडलेल्या अंड्यासारखं, आणि मग आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चरकलेच होते. वन्सं म्हणायच्या, माल कमकुवत येतोय हल्ली.

त्यात दवाखान्याची ऑर्डर आली. आणली मीच. आमच्या डॉक्टरीणबाईंना बाहेरच्या हॉलमध्ये मोठी टाकी हवी होती, मुलं तिच्यात रमतील आणि सुईची भीती विसरतील म्हणून. टाकी बसवून झाली, वनस्पती लावून झाल्या, पाणी मुरायला ठेवलं. मासे सोमवारी सोडायचे होते. रंगीत काचमासे, गुलाबी जास्त आणि हिरवे थोडे. वन्संना इतका आनंद झाला की शेजारच्या शिंप्यापासून पलीकडच्या पाववाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आल्या, आमच्या नर्सबाईने आणली म्हणून. मला त्या लाडाने नर्सबाईच म्हणतात.

रविवारी दुकान बंद. जेवणं झाली होती, मुंगी दुकानातल्या बाकावर माझ्या ओढणीत गुरफटून झोपली होती आणि मी जाळ्या धूत होते. वन्संनी आतून हाक मारली. "नर्सबाई, जरा तुझा हात लागेल."

आजारी खोलीचं दार उघडं होतं. आत टेबलावर दिवा, ओला स्पंज, दोन बाटल्या आणि माझ्या ओळखीच्या त्या अगदी बारीक सुया, तान्ह्यांना टोचायच्या असतात तशा. एका बाटलीत गुलाबी, एकीत हिरवं.

"औषध आहे का?" मी विचारलं.

"हं," वन्सं म्हणाल्या. "देऊन टाक. पाठीवर दोन्ही अंगांनी आणि शेपटीच्या मुळाशी. माझा हात हल्ली नीट बसत नाही, म्हणून तर मरतात."

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही औषधं गुलाबी असतातच की, मुलांनी घ्यावीत म्हणून. माशांनाही लस देतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. शिवाय किती दिवसांनी कुणीतरी माझं खरं काम मला सांगत होतं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. मी हात धुतले, बाही वर केली.

वन्सं मासा जाळीतून काढून ओल्या स्पंजवर ठेवत होत्या, मी टोचत होते. बाळाच्या मांडीत सुई कुठवर गेली ते दिसत नाही, अंदाजावर आणि सवयीवर जावं लागतं. इथे सगळंच दिसत होतं. सुईचं टोक कातडीतून आत शिरताना, कण्याच्या बाजूने सरकताना, थांबताना. पलीकडे ते लाल काळीज इतकं भरभर उडत होतं की ठिपक्याची रेघ झाली होती. मी दट्ट्या दाबला की गुलाबी रंग आत उमलायचा, पाण्यात थेंब पडल्यासारखा, आणि मग पाठीशी लांबून थांबायचा. माझा हात एकदाही चुकला नाही. वन्सं म्हणाल्या, बघ, याला म्हणतात हात.

बरेच झाले. मान अवघडली म्हणून मी वर पाहिलं. समोरच्या काचेच्या भांड्यात मी टोचलेले मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते, एकमेकांना चिकटून, कल्ले उघडमीट करत. पाठीवर गुलाबी पट्टी. स्केचपेनने ओढल्यासारखी.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग दारातून दुकानातल्या रंगीत टाकीकडे पाहिलं. पुन्हा भांड्याकडे. माझ्या हातात सुई होती आणि ती कुठे ठेवायची हेच मला सुचेना.

"वन्सं, हे औषध नाहीये."

त्यांनी पुढचा मासा स्पंजवर ठेवला होता. "रंग आहे," त्या म्हणाल्या, मीठ आहे म्हणावं तशा. "अगं, काही होत नाही. थोडे दिवस सुस्त राहतात. मग रंग उतरतो सुद्धा."

"तुम्ही हो म्हणालात. मी विचारलं औषध आहे का, तुम्ही हो म्हणालात."

"मी हं म्हटलं."

इतक्या वर्षांत मी नाही नाही त्या गोष्टी पाहिल्यात, पण अशी कधी हादरले नव्हते. स्पंजवरचा मासा तोंड उघडत होता. तो आधी मी पाण्यात सोडला. मग वन्संना म्हटलं, मी हे करणार नाही. त्या म्हणाल्या, करू नकोस, पण मग सांग, दवाखान्यात काय न्यायचं? मी म्हटलं, कोरे नेऊ. त्यावर त्या हसल्या. तीन वर्षं गल्ल्यावर बसतेस, कोरा मासा किती जणांनी नेला? लोकांना टाकी रिकामी दिसते. देव विसरला ते मी करते, एवढंच.

"मुलांची सुईची भीती जावी म्हणून न्यायचेत ते," मी म्हटलं. "त्या मुलांना मी काय सांगू?"

"काही सांगायचं नसतं. आजवर सांगत होतीस का?" मग त्यांचा आवाज बदलला. बारीक झाला, आणि तो मला जास्त लागला. "पोरीला मांडीवर घेऊन काम करायला मिळतं, ते कशावर चाललंय, ठाऊक आहे? याच रंगावर. तुला जमत नसेल तर नको येऊस. मी काय, माझं मी करते. आधीही करतच होते."

मी सुईला टोपण लावलं. मुंगीला उचलून वर आले. ती झोपेतच विचारत होती, आत्या कुठाय.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकत्र चहा घेतला नाही. संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडलं तर कुणी नाही, पायरीवर मुंगीचे खाली विसरलेले सँडल, धुऊन पुसून, बक्कल लावून ठेवलेले. ते पाहून मला जे रडू आलं ते आवरेना. ज्या हातांनी हे, त्याच हातांनी ते कसं, हे मला कळतच नव्हतं. माझे हात तरी कुठे वेगळे होते म्हणा. खालून पंपाची घरघर ऐकू येत होती. आजारी खोलीतला दिवा खिडकीतून अंगणात पडला होता. मी खाली गेले नाही. जायला हवं होतं की नको, ते अजूनही मला सांगता येत नाही.

सकाळी खालून हाक आली. "नर्सबाई, ये तरी. बघ तरी. रागावलीस तरी बघायला काय जातं?"

आवाज खुशीतला होता, एखाद्या लहान मुलीसारखा. मी मुंगीला घेऊन उतरले. वन्सं आजारी खोलीतल्या मोठ्या टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही तळवे काचेला लावून.

"सगळे केले," त्या म्हणाल्या. "दुकानातले कोरेसुद्धा घेतले. रंग जरा फिका बसलाय, पण बघ ना कसे फिरतायत. किती दिवसांनी मला सगळेच्या सगळे दिसतायत."

मी पाहिलं, आणि आधी मुंगीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं.

टाकीभर पांढरे मासे होते. पंपाचा जोर त्यांना एका बाजूने वर नेत होता आणि दुसऱ्या बाजूने खाली आणत होता. कुणी आडवे, कुणी उलटे. एका एका अंगावर दोन दोन, चार चार ठिकाणी टोचलेलं. गुलाबीवर हिरवं, पोटात, डोळ्याजवळ. एकही जिवंत नव्हता. वन्सं त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. मासे मेले होते ही एक. दुसरी, वन्संना ते दिसत नव्हतं.

मी मुंगीला बाहेर बाकावर बसवलं, आत आले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"वन्सं, हे मेलेत."

"चल. फिरतायत की."

"पंपाने फिरतायत. पांढरे झालेत सगळे."

त्यांनी बाही वर न करताच हात पाण्यात घातला. एक मासा हाताला लागला, त्यांनी तो मुठीत धरला. धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटलं रंग बसत नाहीये. म्हणून पुन्हा पुन्हा दिला."

"केव्हापासून दिसत नाही तुम्हाला?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, मूठ तशीच पाण्यात ठेवून. डोळ्यांच्या मागचा पडदा झिजत चाललाय, डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आहे ते जपा म्हणून. मोठ्या गोष्टी दिसतात, रंग दिसतो, बारीक काही दिसत नाही. भावाला सांगितलं नाही, तो बोट सोडून परत येईल म्हणून. मला सांगितलं नाही, कारण डोळे गेलेल्या बाईकडून मासे कोण नेईल? मग एका दिवसाचं सांगितलं, मी दुकानात येण्याच्या आधीच्या. गल्ल्याजवळची टाकी त्यांना रिकामी दिसली. त्यांना वाटलं, सगळे विकले गेले. त्यांनी नळी लावली आणि पाणी मोरीत सोडून दिलं. तळाला आल्यावर मोरीच्या जाळीवर काहीतरी तडफडल्याचा आवाज आला, म्हणून बोटं फिरवली. दोन-तीन हाताला लागले. बाकीचे सगळे गेले.

"मी जिवंत मासे गटारात सोडले गं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणीतरी हा रंगाचा प्रकार सांगितला. मला वाटलं, निदान मला दिसतील तरी. लोकांना आवडले, ते नंतर."

मला त्यांचा राग यायला हवा होता. येत होताही. पण मी त्यांची ती मूठ पाण्यातून बाहेर काढली, उघडली, आणि माझ्या पदराने पुसली. त्या पुसू देत होत्या. मला आठवतं, मी त्यांना असं पुसून कधी दिलं नव्हतं, नेहमी त्याच मुंगीला आणि मला पुसायच्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "दवाखान्यात काय सांगशील?"

"मासे मेले म्हणून."

"आणि कशाने मेले?"

"तेही सांगेन," मी म्हटलं. "आणि मी टोचले तेही."

मी मनात म्हटलं, आता या सांगतील, तुझं सामान घे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग मलाही ने. माझ्या पाठीमागे नको सांगूस."

निघताना मी सगळ्या सुया एका जाड प्लॅस्टिकच्या बरणीत भरल्या, झाकण चिकटपट्टीने बंद केलं. सुया कचऱ्यात टाकत नाहीत, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. दवाखान्यात त्यांची वेगळी पेटी असते, तीत टाकायच्या होत्या. बाटल्या वन्संनी स्वतः मोरीत ओतल्या. गुलाबी पाणी बराच वेळ जाळीवर फेसाळत राहिलं. वाटेत एका हाताला मुंगी, आणि दुसरीकडून वन्संनी माझा दंड धरला होता, नेहमीसारखा. इतकी वर्षं मला वाटायचं, लाडाने धरतात.

दवाखान्याच्या हॉलमध्ये गर्दी होती. लस द्यायचा वार. कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाचं मूल पायांत घोटाळणारं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, आलात का, पाणी कालपासून तयार आहे. मी बोलायला तोंड उघडलं तोच वन्संनी माझा दंड दाबला. त्या स्वतः बोलल्या. सगळ्यांसमोर, दुकानात भाव सांगायच्या त्याच आवाजात. मासे मेले. ते जन्मतः रंगीत नसतात. मी त्यांना सुईने रंग टोचत होते. हिला माहीत नव्हतं, हिला मी फसवलं. आणि मला नीट दिसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. एका आईने, तिच्या मांडीवरच्या बाळाला नुकतीच लस दिली होती, ती कापसाचा बोळा दाबून बसली होती, तिने हळूच विचारलं, "दुखायचं का हो त्यांना?"

मला वाटलं, वन्सं म्हणतील, माशाला काय कळतंय.

"हो," वन्सं म्हणाल्या. "अंग आवळायचे. चिमटीत कळायचं मला. दर वेळी."

त्या बाईने बाळाला उचलून छातीशी घेतलं. मी वन्संकडे बघत राहिले. त्यांना दिसत नव्हतं हे मला सकाळीच कळलं होतं. पण माशांना दुखतं हे त्यांना कळत होतं, ते आत्ता ऐकत होते.

डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या की रंगाचं राहू द्या, कोरेच आणा, ते तरी कसे असतात बघू. मी त्यांना सांगितलं की दुकानात एकही उरलेला नाही. आरपार असतात, पाठीमागून उजेड धरला की कणा दिसतो, काळीज दिसतं, एवढं तेवढं सांगत राहिले, कारण थांबले असते तर तिथेच रडले असते. मोठी मुलं ऐकत होती. माझं बोलणं संपायच्या आधीच ती उठून टाकीकडे गेली. बुडबुडे वर जात होते, पानं हलत होती. मुलांनी नाकं काचेला लावली. मुंगीही त्यांच्यात घुसली.

"मला दिसला," एक मुलगा म्हणाला. "तो बघ, पानामागे."

"मलापण. दोन आहेत."

"काळीज दिसतंय," मुंगी म्हणाली. तिला तर सगळंच ठाऊक होतं.

वन्सं माझा दंड सोडून पुढे झाल्या. मुलांच्या डोक्यांवरून वाकल्या, टाकीच्या अगदी जवळ, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून. किती तरी वेळ पाहत राहिल्या. मग मागे वळून त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "आहेत का गं खरंच?"

मुलं माझ्याकडे बघत होती.

"नाही वन्सं," मी म्हटलं. "पाणी आहे."